जरीपटक्यातला 'पटका' कोणता?

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत निशाण, पताका, अब्दागिरी अशा मिरवणुकीतल्या शब्दांविषयी बरेच प्रश्न आले. ते एकमेकांत गुंतलेले असल्याने एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या शहरात जरीपटका नावाची मोठी वस्ती आहे. जरीपटका हा जुन्या काळचा झेंडा होता एवढेच ऐकून आहे. 'जरी' कळते, पण 'पटका' म्हणजे काय? डोक्याला बांधतात तोच पटका का? आणि जरीपटका म्हणजेच भगवा झेंडा का? (नागपूर)

उत्तर : पटका तोच. 'पट' म्हणजे कापड आणि 'पट्ट' म्हणजे कापडाची लांब, अरुंद पट्टी. पट्टा, पट्टी, पटका हे सगळे त्याच घरातले शब्द. पटका डोक्याला गुंडाळला की शिरोवस्त्र होते, कमरेला आवळला की कमरबंद होतो आणि काठीला लावला की निशाण होते. कापड एकच, जागा बदलली की काम बदलते.

'जरी' हा शब्द फारसीतून आला. फारसीत 'जर' म्हणजे सोने. जरतार, जरीकाठ हे शब्द त्यातूनच आले. पण हा परका शब्द आपल्या ओळखीचाही आहे. इराणची जुनी भाषा अवेस्ता. तिच्यात सोन्याला 'जरन्य' म्हणत आणि संस्कृतात 'हिरण्य'. मूळ एकच. संस्कृतातल्या काही 'ह'च्या जागी इराणी भाषांत 'ज' येतो. बाहु आणि बाजू ही जोडीही तशीच, म्हणून दंडावर बांधायचा तो बाजूबंद. तेव्हा जरीपटका या समासाचा पहिला अर्धा भाग इराणातून फिरून आलेला आणि दुसरा इथलाच. अर्थ सरळ आहे : सोन्याच्या तारेचे काम केलेली कापडाची पट्टी.

हे निशाण दोन शेपटांचे असे. म्हणजे वाऱ्यावर उडणारी बाजू सरळ न कापता आत खाच घेऊन दोन टोके सोडलेली. आता तिसरा प्रश्न. जरीपटका आणि भगवा झेंडा एक नव्हेत. भगवा हे मराठी राज्याचे निशाण. जरीपटका हे अधिकाराचे चिन्ह. पेशवाईत मोहिमेवर निघालेल्या सरदाराला जरीपटका दिला, म्हणजे त्या फौजेचे सेनापतिपद त्याच्याकडे आले. त्याच्याहून वयाने किंवा दौलतीने मोठे सरदार सोबत असले, तरी जरीपटका ज्याच्या बाजूला त्याचा हुकूम चाले. म्हणून तो हत्तीवर, नौबतीच्या सोबत, सगळ्यांना दिसेल असा नेत. रणांगणाच्या धुरळ्यात सैनिकाला सेनापती दिसत नाही, निशाण दिसते. ते उभे आहे तोवर हुकूम चालू आहे, आणि ते दिसेनासे झाले की फौज पांगायला लागते.

त्याच्याशी लोकांचे मन किती बांधलेले होते, हे ५ नोव्हेंबर १८१७ च्या, पेशवे आणि इंग्रज यांच्यातल्या खडकीच्या लढाईत दिसले. पुण्यातून बाहेर पडताना जरीपटक्याचा दांडा मोडला आणि फौजेत अपशकुनाची कुजबुज सुरू झाली. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. त्या दिवशी जरीपटका मोरो दीक्षितांकडे होता, आणि ते लढाईत पडले. पुढे बाराच दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लावले.

लिहिताना 'जरीपटका' एकच शब्द ठेवावा. 'जरी पटका' असे तोडले की 'जरी' या अव्ययाशी घोळ होतो. सामान्य रूप जरीपटक्या-, म्हणून जरीपटक्याचा, जरीपटक्याखाली.

प्रश्न : ध्वज, पताका, झेंडा, निशाण, बावटा हे समानार्थी शब्द म्हणून शाळेत पाठ केले. खरोखर सगळ्यांचा अर्थ एकच आहे का? (वाई)

उत्तर : आज जवळजवळ एकच आहे, मुळात नव्हता. हा गोंधळ शाळेने केलेला नाही. अमरकोशानेच पताका, वैजयंती, केतन आणि ध्वज एका ओळीत बसवले आहेत.

जुन्या वापरात ध्वज म्हणजे मुख्यतः काठी किंवा खांब आणि त्याच्या टोकावरचे चिन्ह. अर्जुन कपिध्वज, विष्णू गरुडध्वज, शंकर वृषभध्वज, मदन मकरध्वज. या नावांत कापड कुठेच नाही, आहे ते चिन्ह. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरला उभा आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात तक्षशिलेहून आलेल्या हेलिओदोरस या ग्रीक दूताने तिथे वासुदेवासाठी दगडी स्तंभ उभारला. त्यावरच्या ब्राह्मी लेखात त्या स्तंभालाच 'गरुडध्वज' म्हटले आहे. अखंड दगडाचा खांब, आणि तो ध्वज! वारकऱ्यांच्या अभंगांतून 'गरुडटके' हा शब्द भेटतो. गरुडाचे चिन्ह मिरवणारी ती निशाणे. विदिशेचा खांब आणि पंढरीच्या वाटेवरचे गरुडटके यांच्यामध्ये दीड हजारांहून अधिक वर्षे आहेत, पण कल्पना तीच.

पताका म्हणजे कापड. 'पत्' या धातूचा एक अर्थ उडणे, त्यावरून पताका म्हणजे उडणारी, फडफडणारी. म्हणून ध्वजाला पताका लावतात, पताकेला ध्वज लावत नाहीत. नृत्यातली 'पताका' मुद्राही हेच सांगते. चार बोटे सरळ जुळवलेली आणि अंगठा मुडपलेला, तळहात कापडासारखा सपाट. नाटकात मुख्य कथेबरोबर लांबवर चालणाऱ्या उपकथेलाही पताकाच म्हणतात.

निशाण फारसी. अर्थ : खूण. निशाणी, निशाणा हे त्याचेच भाऊबंद. मुघल दरबारात बादशहाच्या आज्ञापत्राला फर्मान म्हणत आणि शहजाद्याच्या पत्राला निशाण, कारण त्यावर त्याची खूण असे. मराठीत निशाण वाहणाऱ्याला 'निशाणबारदार' म्हणत. यातला 'बारदार' म्हणजे वाहणारा.

झेंडा मात्र फारसी नाही, बरेच लोक तसे समजतात म्हणून मुद्दाम लिहितो. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त बादशाही निशाणांची यादी दिली आहे. तीत 'झंडा' हे हिंदुस्थानी निशाण म्हणून वेगळे नोंदवले आहे. सोळाव्या शतकात दरबारी लोकांनाही हा शब्द इथलाच वाटत होता. संस्कृत 'ध्वज'चे प्राकृतात 'झय' झाले आहे. त्यामुळे ध्वजदंडावरून झंडा आणि मग झेंडा, ही कोशकारांनी दिलेली वाट पटण्यासारखी आहे.

बावटा कन्नडात 'बावुट' आणि तेलुगूत 'बावुटा' आहे. म्हणजे हा दख्खनचा सामाईक शब्द. मराठीत त्याला कामाचा वास आहे. रेल्वेचा गार्ड हिरवा बावटा दाखवतो, गिरणगावात मोर्चा निघे तो लाल बावट्याचा. देवळावर बावटा लावला असे कोणी म्हणत नाही. शब्दांचे अर्थ सारखे झाले तरी त्यांच्या जागा अशा ठरलेल्या राहतात. लिहिताना त्या पाळाव्यात : दिंडीत पताका, शाळेत ध्वज, मोर्चात बावटा, देवाच्या पालखीपुढे निशाण.

प्रश्न : पालखीपुढे अब्दागिरी चालते. 'अब्द' म्हणजे ढग, म्हणून ढगासारखी सावली देणारी ती अब्दागिरी, असे कीर्तनात ऐकले. हे बरोबर आहे का? (सासवड)

उत्तर : कल्पना सुंदर आहे, व्युत्पत्ती चुकीची आहे. संस्कृतात अब्द म्हणजे ढग हे खरे ('अप्' म्हणजे पाणी, ते देणारा तो अब्द), पण मग 'गिरी' कुठून आली याचे उत्तर मिळत नाही.

मूळ शब्द फारसी 'आफ्ताबगीर'. आफ्ताब म्हणजे सूर्य, गीर म्हणजे धरणारा, पकडणारा. जहांगीर म्हणजे जग मुठीत घेणारा, दस्तगीर म्हणजे हात धरणारा, तसा आफ्ताबगीर म्हणजे ऊन अडवून धरणारा. मराठी तोंडाला 'फ्त' जड गेला आणि त्याचा 'ब्द' झाला. अबदागीर, अब्दागीर, अब्दागिरी अशी रूपे झाली आणि शेवटच्या 'ई'मुळे शब्द स्त्रीलिंगी वाटू लागला.

वर सांगितलेल्या आईन-इ-अकबरीच्या यादीत ही वस्तूही आहे. लंबगोल आकार, साधारण एक गज लांबी, छत्रीसारखा दांडा, वर किनखाब आणि रत्ने. एक सेवक ती धरून उन्हाच्या बाजूने चाले. तिचे तिथले नाव 'सायबान', आणि तिलाच 'आफ्ताबगीर' असेही म्हणतात, असे तिथे म्हटले आहे. यावरून एक गोष्ट कळते. अब्दागिरी छत्रीसारखी डोक्यावर धरायची नसते, ती बाजूने धरायची असते, म्हणूनच ती सपाट असते. छत्र हे राजाचे किंवा देवाचे, डोक्यावर मध्यभागी. अब्दागिऱ्या दोन्ही बाजूंना. आज बऱ्याच मिरवणुकांत त्या पालखीच्या पुढे ओळीने, लोकांना नक्षी दिसेल अशा चालवतात. शोभा येते, पण सावली जमिनीवर पडते.

प्रश्न : एका जुन्या राजवाड्यातल्या संग्रहात काठीवर बसवलेले धातूच्या माशाचे डोके पाहिले. पाटीवर 'माहीमरातब' असे लिहिले होते. हे देवाचे चिन्ह आहे का? (ग्वाल्हेर)

उत्तर : नाही, दरबारी मानाचे आहे. फारसी 'माही' म्हणजे मासा. हा शब्द आणि आपला मासा दोन्ही एकाच मुळाचे, संस्कृत मत्स्याच्या नात्यातले. 'मरातिब' हे अरबी 'मर्तबा'चे, म्हणजे दर्जाचे, अनेकवचन. आपण 'मानमरातब' म्हणतो त्यातला मरातब हाच. सोनेरी मुलाम्याचा मासा उंच काठीवर मिरवण्याचा हक्क बादशहा मोजक्याच लोकांना देई.

ग्वाल्हेरशी त्याचा थेट संबंध आहे. १७९२ साली महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले आणि सवाई माधवराव पेशव्यांना वकील-इ-मुतलक (बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी) पदाची फर्माने समारंभाने अर्पण केली. त्या वेळच्या मानचिन्हांत माहीमरातब होते.

त्याआधी सुमारे एकशेवीस वर्षे ही कल्पना रायगडावर दिसते. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर चिन्हे होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. उजव्या हाताला मोठ्या दातांच्या माशांची दोन सोन्याची डोकी, डाव्या हाताला घोड्यांची शेपटे आणि एका मूल्यवान भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू. तराजू न्यायाचा, हे त्यानेच नोंदवले आहे. यातले एकही चिन्ह कापडाचे नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

प्रश्न : सासनकाठीतले 'सासन' म्हणजे काय? (कराड)

उत्तर : शासन. प्राकृतात 'श'चा 'स' होतो. शासन म्हणजे आजच्यासारखे सरकार नव्हे, तर आज्ञा आणि ती नोंदवणारा लेख. म्हणून तांब्याच्या दानपत्राला ताम्रशासन म्हणत. चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला जाणाऱ्या काठ्यांचा क्रम ठरलेला असतो आणि तो क्रम हाच त्यांचा मान. काठी कळकाची, म्हणजे जाड बांबूची, कापडाने वेढलेली, उंचच उंच. म्हणून चारी बाजूंनी दोर धरलेले असतात आणि नाचवणारा एकटा मधे असतो. तोल जातो तो बहुधा नाचवणाऱ्यामुळे नव्हे, दोरकऱ्यांमुळे. एकाने दोर ताठ ओढला आणि समोरच्याने ढिला सोडला की शेंडा झुकतो, आणि उंच काठीचा शेंडा एकदा झुकला की खालून कंबरेच्या जोरावर तो सावरत नाही. दोरकऱ्यांची नजर नाचावर नको, समोरच्या दोरावर हवी. वाटेतल्या विजेच्या तारा आदल्या दिवशीच पाहून ठेवाव्यात.

प्रश्न : आमच्या दिंडीसाठी दहा पताका घरीच शिवायच्या आहेत. मागच्या वर्षी शिवलेल्या पताकांच्या कडा लाटांसारख्या झाल्या, रंग पांढऱ्या कपड्यांना लागला आणि दोन काठ्या चिरल्या. काय चुकले? (परभणी)

उत्तर : तिन्ही चुका नेहमीच्या आहेत आणि तिन्ही टाळता येतात.

आधी कापड. ३६ इंच पन्ह्याचे सुती पॉपलीन घ्या. सॅटीन चमकते, पण कापताना सरकते आणि टोकाला सुटते. काठीच्या बाजूला २६ इंच पाया आणि पन्ह्याइतकी, म्हणजे ३६ इंच लांबी असा त्रिकोण धरू. कापडाच्या एका किनारीवर शून्यापासून २६ इंचांपर्यंत पहिल्या त्रिकोणाचा पाया, त्याचे टोक समोरच्या किनारीवर १३ इंचांवर. दुसऱ्याचा पाया समोरच्या किनारीवर १३ ते ३९ इंच, टोक अलीकडच्या किनारीवर २६ वर. असे उलटसुलट बसवत गेले की दोन त्रिकोणांमध्ये एकच रेघ येते आणि कापड वाया जात नाही. दहा त्रिकोण १४३ इंचांत बसतात.

काठी घालायचा नेफा त्रिकोणाचाच पाया दुमडून करू नका. त्रिकोण पायाकडे रुंद होत जातो, त्यामुळे दुमडलेला भाग खालच्या भागापेक्षा मोठा पडतो आणि वरखाली दोन कान बाहेर डोकावतात. नेफ्याला वेगळी पट्टी लावा, २६ इंच लांब आणि ५ इंच रुंद. एक इंच जाडीच्या काठीचा घेर सव्वातीन इंचांच्या आत असतो. पट्टी दुमडून, दोन्हीकडे अर्धा इंच शिवणीत गेल्यावर दोन इंचांचा सपाट नेफा उरतो, त्यात ती काठी सहज जाते. ३६ इंच पन्ह्यात अशा सात पट्ट्या शेजारीशेजारी बसतात. दहांसाठी ५२ इंच कापड लागेल. सगळे मिळून १९५ इंच, म्हणजे पाच मीटरला थोडे कमी. कापड धुतल्यावर आटते, म्हणून साडेपाच मीटर आणा आणि धुऊनच कापा.

कडा लाटांसारख्या होतात त्या उरेबमुळे, म्हणजे धाग्यांना तिरप्या कापामुळे. पायाची बाजू किनारीला समांतर, म्हणजे उभ्या धाग्यात असते, ती ताणत नाही. दोन्ही तिरप्या कडा मात्र उरेब असतात. मशीनच्या पायाखाली त्या जराशा ओढल्या गेल्या तरी वाढतात आणि मग कापड पुन्हा पूर्ववत होत नाही. उपाय असा. आधी इस्त्रीने पाव इंच दुमडा, पुन्हा पाव इंच दुमडा, टाचण्या लावा, आणि टीप घालताना मागून किंवा पुढून कापड अजिबात ओढू नका. मशीनला नेऊ द्या. टीप पायाकडून टोकाकडे घाला, दोन्ही कडांना. एक कड वर आणि एक खाली शिवली की पताका पिळते. टोकाशी कापडाचे थर साचतात, तिथे आधी टोक आडवे अर्धा इंच आत मुडपून मग कडा दुमडाव्यात. नेफ्याचे वरचे तोंड बंद करा म्हणजे पताका खाली घसरत नाही. खालच्या तोंडाशी दोन बंद लावा आणि ते काठीला गाठा.

रंगाविषयी. पताकेचा भगवा हा गेरूचा, काव लावल्यासारखा असतो. बाजारातला झगझगीत केशरी वेगळा. आवडीचा प्रश्न आहे, पण गेरूच्या रंगावर धूळ आणि चिखल कमी दिसतो हेही खरे. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हा समज आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. जो सुटा रंग कापडात आहे तो काढून टाकणे हाच इलाज. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धूत राहा, चार पाणी, पाच पाणी, जितकी लागतील तितकी. मग पांढरा ओला रुमाल त्यावर दाबून पाहा. डाग पडला तर अजून धुवा. दहा धुण्यांनंतरही रंग जात राहिला तर ते कापड पताकेला घेऊ नका, आषाढात पाऊस असतोच.

काठी चिरली ती खिळ्यामुळे असणार. कळक पोकळ असतो, त्यात खिळा मारला की पेराच्या बाजूने उभी चीर जाते. हातात धरायच्या पताकेला चिवा, म्हणजे बारीक जातीचा बांबू घ्या. तो जवळजवळ भरीव असतो. सात फूट लांबी, तळाशी एक इंचाहून जाड नको. खिळा मारायचाच नाही, नेफा आणि बंद पुरेसे आहेत. बांबू पावसाळ्यात तोडलेला असेल तर त्याला भुंगा लवकर लागतो. थंडीत तोडून सावलीत उभा वाळवलेला पाहून घ्या. पेरांवरचे डोळे तासून, तेलाचा हात फिरवा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी तळहातात कुसळे जातात.

एक लक्षात असू द्या. ओली सुती पताका कोरडीच्या दुपटीने जड लागते. पताका धरणारा बदलता ठेवा. पताका ३६ इंचांपेक्षा लांब करण्याचा मोह होतो, पण लांबी वाढली की वाऱ्याची ओढ मनगटावर येते आणि टोक मागच्या टाळकऱ्यांच्या तोंडावर आपटते.

प्रश्न : घरात पिढ्यान्‌पिढ्या आलेले जरीचे जुने निशाण आहे. दसऱ्याला पूजेला काढतो. रेशीम घडीवर फाटू लागले आहे आणि जर काळी पडली आहे. चिंचेने उजळावी का? (सांगली)

उत्तर : चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही लावू नका. खरी जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची बारीक पट्टी आणि तिच्यावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा. काळे पडते ती चांदी. आंबटाने काळेपणा जाईल, त्याबरोबर उरलेले सोनेही जाईल, आणि आम्ल आतल्या रेशमात मुरून वर्षभरात दोरा तुटायला लागेल. काळी झालेली जर ही जुनी जर आहे, तिला तशीच राहू द्या.

फाटण्याचे कारण घडी. रेशीम त्याच त्या रेषेवर वर्षानुवर्षे दुमडले की तिथले धागे मरतात, आणि जरीची धातूची पट्टी तर तारेसारखी मोडते. आजपासून घडी बंद करा. तीन इंच जाडीची पुठ्ठ्याची नळी घ्या, तिला धुतलेली, खळ नसलेली मलमल गुंडाळा. निशाण जरीची बाजू बाहेर ठेवून तिच्यावर सैल गुंडाळा आणि प्रत्येक वेढ्यात मलमलीचा थर घाला. जर आत ठेवून गुंडाळली तर ती चुरडते. वरून पुन्हा मलमल, आणि सुताच्या रुंद पट्टीने हलकेच बांधा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत ओल धरते. खळ असलेले कापडही नको, कसर खळीसाठीच येते. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका, कडुलिंबाची पाने तर मुळीच घालू नका, त्यांचे डाग जात नाहीत.

दसऱ्याला काढायचे तर सकाळी, सावलीत, कोरड्या हवेत. काठीला लटकवू नका. जुन्या रेशमाला जरीचे वजन पेलत नाही आणि नेफ्यापाशी ते उसवते. पाटावर स्वच्छ सुती कापड अंथरून, पाट थोडा तिरपा ठेवून त्यावर पसरा. हळदकुंकू, गंध, फुले निशाणाच्या दांड्याला किंवा पेटीला वाहावीत, कापडाला नाही. कुंकवाचा ओला डाग रेशमातून निघत नाही. निरांजन हातभर दूर. पूजा झाली की तासाभरात गुंडाळून ठेवा. फाटलेल्या जागी डिंक, टेप किंवा इस्त्रीने चिकटणारे अस्तर लावू नका. ते काम वस्त्रसंवर्धन जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे, तोवर सैल गुंडाळी हाच उत्तम उपचार.

प्रश्न : गुढी हा शब्द कुठला? आणि आमच्या सदनिकेच्या गॅलरीत दर वर्षी दुपारी गुढीचा तांब्या एका बाजूला कलतो, तो का? (डोंबिवली)

उत्तर : गुढी म्हणजे उभारलेला ध्वज, हाच जुना अर्थ. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात सज्जनांकरवी सुखाची गुढी उभारण्याची भाषा आहे, आणि 'टाळी वाजवावी, गुढी उभारावी' हे चोखोबांचे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथे पाडव्याचा काही संबंध नाही, विजयाची आणि आनंदाची खूण उंच करणे एवढाच भाव आहे. कन्नडातही 'गुडी' शब्द ध्वजाच्या अर्थाने आहे, त्यामुळे हे दख्खनच्या मातीतले नाव म्हणायला हरकत नाही. पंचांगात याच गुढीला ब्रह्मध्वज म्हटलेले असते.

तांब्या कलतो त्याची कारणे दोन. पहिले, काठीचे टोक तांब्याच्या तळाला एकाच बिंदूवर टेकते आणि गळ्याशी मोकळी जागा राहते. साडी किंवा खण काठीला बांधला की त्याच्या निऱ्यांचा गड्डा तांब्याच्या तोंडात घट्ट बसायला हवा. कमी पडत असेल तर आणखी एक रुमाल काठीला वेढा. दुसरे, सकाळी बांधलेली कडुलिंबाची डहाळी आणि फुले दुपारपर्यंत सुकतात, आकसतात, आणि त्यांच्यावरून घेतलेली सुतळी ढिली पडते. म्हणून सुतळी आधी नुसत्या कापडावरून, काठीला दोन वेढे देऊन आवळा. डहाळी, गाठी आणि हार नंतर दुसऱ्या दोऱ्याने बांधा. मग हार सुकला तरी तांब्याची पकड सुटत नाही. गाठी वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवा, नाहीतर त्या तांब्यावर आपटून फुटतात. काठी गॅलरीच्या गजाला दोन ठिकाणी बांधा, एक गाठ तळाशी आणि एक कठड्याच्या वरच्या गजाला. एकाच गाठीवर ती फिरते, आणि संध्याकाळी उतरवायच्या आधीच तांब्या खालच्या मजल्यावर जातो.